वृत्तकक्षाकडून वर्गाकडे : एका सोडलेल्या खुर्चीचा अर्थ

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त लाखनी येथील व्याख्यानाचा संपादित पाठ)



दिवेलागणीनंतर लाखनीतील बहुतेक घरांत दूरचित्रवाणीवर बातम्या सुरू असतात. दुकान बंद करून घरी आलेला गृहस्थ हातपाय धुऊन पहिल्यांदा बातम्याच लावतो. त्या पडद्यावर रोज दिसणारा एखादा चेहरा घरच्या माणसासारखा होऊन जातो. एके दिवशी तो चेहरा दिसेनासा होतो. पुढे केव्हातरी कळते की, त्याने वाहिनी सोडली. आता तो एका विद्यापीठात पत्रकारिता शिकवतो. ऐकणाऱ्याच्या तोंडून सहज उद्गार निघतो, ‘एवढा मोठा माणूस, शेवटी मास्तर झाला!’

या एका उद्गारात दोन समजुती दडलेल्या आहेत. पडद्यावर दिसणे म्हणजेच मोठेपण, ही पहिली; आणि शिकवणे म्हणजे थकल्या-भागल्या माणसाचे विश्रांतीचे काम, ही दुसरी. या दोन्ही समजुती तपासून पाहणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू होय. हा विषय केवळ पत्रकारांचा नाही. लाखनी, साकोली, भंडारा येथील मुले-मुली बारावीनंतर नागपूर-पुण्याला जाऊन जनसंवादाचा अभ्यासक्रम घेऊ लागली आहेत. त्यांना कोण शिकवणार, आणि ती परतून जी बातमी देतील तिच्यावर घरच्यांनी किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाचा आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, महाराष्ट्रात पत्रकार आणि शिक्षक हे दोन निराळे वंश कधीच नव्हते. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक होते. मराठी वृत्तपत्राचा पहिला संपादक हा वर्गात उभा राहणारा माणूस होता. गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण तर आजच्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. १८८१ साली सुरू झालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. मतभेद वाढले तेव्हा १८८७ साली त्यांनी ती खुर्ची सोडली आणि पुढील वर्षी ‘सुधारक’ काढला. या सर्व धामधुमीत फर्ग्युसन महाविद्यालयातील त्यांचे अध्यापन सुरूच होते. १८९२ साली ते तेथे प्राचार्य झाले आणि १८९५ साली मृत्यूने गाठेपर्यंत त्या पदावर राहिले. संपादकाची खुर्ची सोडली म्हणून आगरकर लहान झाले, असे महाराष्ट्रात कोणी म्हणत नाही.

दूरचित्रवाणीचे माध्यम मात्र वेगळे आहे. वृत्तपत्राचा संपादक शब्दांमागे असतो. दूरचित्रवाणीचा पत्रकार चेहऱ्यासह घराघरांत पोहोचतो. म्हणून त्याचे जाणे अधिक जाणवते. या माध्यमातील एका मोठ्या माणसाने खुर्ची का सोडली आणि वर्गात जाऊन काय केले, याचा सर्वांत बोधप्रद दाखला अमेरिकेत सापडतो. तो जरा विस्ताराने पाहणे इष्ट ठरेल.

त्या गृहस्थांचे नाव फ्रेड फ्रेंडली. जन्म १९१५ चा. दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरील अमेरिकी सैनिकांसाठी निघणाऱ्या वृत्तपत्राचे ते बातमीदार होते. म्हणजे भारताची भूमी त्यांना अपरिचित नव्हती. युद्धानंतर एडवर्ड मरो या विख्यात नभोवाणी पत्रकाराशी त्यांची जोडी जमली. मरो पडद्यावर बोलत आणि फ्रेंडली पडद्यामागे कार्यक्रम घडवीत. १८ नोव्हेंबर १९५१ रोजी सीबीएस या वाहिनीवर त्यांचा ‘सी इट नाऊ’ हा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच भागात त्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा ब्रुकलिन पूल आणि पश्चिम किनाऱ्यावरचा गोल्डन गेट पूल एकाच वेळी प्रत्यक्ष दाखविले. हजारो मैलांवरची दोन दृश्ये घरबसल्या एकत्र पाहण्याचे नवल आज कोणाला वाटणार नाही. त्या दिवशी मात्र या माध्यमाचे सामर्थ्य लोकांच्या ध्यानी आले.

हे सामर्थ्य कशासाठी वापरायचे, याचे उत्तर त्या दोघांनी लवकरच दिले. सिनेटर जोसेफ मॅकार्थी हे कम्युनिस्ट असल्याचा ठपका ठेवून माणसांची आयुष्ये उद्ध्वस्त करीत होते आणि त्यांच्याविरुद्ध बोलण्यास भलेभले कचरत होते. ९ मार्च १९५४ रोजी मरो आणि फ्रेंडली यांनी मुख्यतः मॅकार्थींचीच भाषणे आणि चौकशीतील दृश्ये प्रेक्षकांपुढे मांडून त्यातील विसंगती उघड केली. वाहिनीने कार्यक्रमाची जाहिरात करण्याचे टाळले, तेव्हा या दोघांनी पदरचे पैसे घालून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पुढे १९६० साली शेतातून शेतात हिंडणाऱ्या मजुरांच्या हालअपेष्टांवर ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट आला. त्याचे कार्यकारी निर्माते फ्रेंडलीच होते. धानाच्या रोवणीसाठी गावोगाव जाणारे मजूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या विषयाचे मोल सांगावे लागणार नाही. सुखवस्तू अमेरिकेच्या ताटातील अन्न कोणाच्या घामाचे आहे, हे तो माहितीपट सांगत होता. आणि तो दाखविला गेला सुगीच्या कृतज्ञतेच्या सणाला लागूनच.

१९६४ साली फ्रेंडली सीबीएसच्या वृत्त विभागाचे अध्यक्ष झाले. मान, वेतन, अधिकार असे सारे हाती आले. आणि दोनच वर्षांनी ते सारे सोडण्याचा प्रसंग उद्भवला.

फेब्रुवारी १९६६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे व्हिएतनाम युद्धासंबंधी साक्षी सुरू होत्या. १० फेब्रुवारीला जॉर्ज केनन या अनुभवी मुत्सद्द्याची साक्ष होती. तरुण मुलांना ज्या युद्धावर पाठविले जात होते, ते युद्ध शहाणपणाचे आहे की नाही, याची खुली चर्चा देशासमोर होणार होती. प्रतिस्पर्धी वाहिनी एनबीसीने ती प्रत्यक्ष दाखविली. सीबीएसवर त्या वेळी नेहमीच्या मालिका लावण्यात आल्या. त्यांत ‘आय लव्ह लुसी’ या विनोदी मालिकेचा पूर्वी दाखवून झालेला भाग होता. दिवसा दूरचित्रवाणी पाहणाऱ्या गृहिणींना युद्धाच्या चर्चेत रस नसतो, असे समर्थन केले गेले. खरे कारण जाहिरातींच्या उत्पन्नाचे होते. ज्या मातांची मुले युद्धावर जात होती, त्यांनाच या चर्चेत रस नाही असे ठरविणारा हा हिशेब फ्रेंडलींना मान्य होण्यासारखा नव्हता. पाच दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, त्यांनी राजीनामा दिला.

हे घडले तेव्हा त्यांचे वय पन्नास होते. अन्य वाहिनीत मोठे पद मिळविणे त्यांना अवघड नव्हते. परंतु ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचे प्राध्यापक झाले. ज्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली, त्याला आदल्याच वर्षी निवर्तलेल्या त्यांच्या सहकाऱ्याचे, एडवर्ड मरो यांचे नाव होते. १९६७ साली त्यांनी आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ ‘आमच्या आवाक्याबाहेरील कारणांमुळे’ असा होतो. दूरदर्शनच्या जुन्या प्रेक्षकांना ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी आठवत असेल. त्याच जातीचे हे शब्द. फ्रेंडलींचा उपरोध असा की, जे आवाक्याबाहेरचे म्हणून सांगितले जाते, ते पुष्कळदा कोणीतरी घेतलेल्या निर्णयाचे फळ असते.

आता प्रश्न असा की, वर्गात जाऊन त्यांनी काय केले? केवळ जुन्या पराक्रमाच्या गोष्टी सांगितल्या असत्या, तर आज त्यांचे नाव घेण्याचे प्रयोजन उरले नसते. त्यांच्या दोन कामांचा उल्लेख पुरेसा आहे.

पहिले काम म्हणजे वृत्तकक्षाचे दार उघडणे. १९६७ साली अमेरिकेच्या अनेक शहरांत कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये दंगली उसळल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने १९६८ साली वृत्तमाध्यमांवरही ठपका ठेवला; माध्यमांत कृष्णवर्णीय पत्रकार जवळजवळ नाहीतच, म्हणून त्या वस्त्यांचे जीवन बातम्यांत उमटत नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी फ्रेंडलींच्या पुढाकाराने कोलंबियात अल्पसंख्य समाजातील तरुणांसाठी पत्रकारितेचा उन्हाळी वर्ग सुरू झाला. वृत्त विभागाच्या अध्यक्षाला जे जमले नव्हते, ते एका प्राध्यापकाने आरंभिले.

दुसरे काम प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचे. १९७४ पासून त्यांनी माध्यमे आणि समाज या विषयावर चर्चासत्रे भरविली. एका मेजाभोवती न्यायाधीश, संपादक, पोलीस अधिकारी, वकील आणि राजकीय नेते बसत. त्यांच्यापुढे एक कल्पित प्रसंग ठेवला जाई. समजा, एका बातमीदाराच्या हाती गोपनीय कागद लागला. तो छापल्यास एका निरपराध माणसाचा जीव धोक्यात येतो आणि न छापल्यास मोठा अपहार झाकला जातो. आता तुम्ही काय कराल? एकाने उत्तर दिले की प्रसंगाला नवे वळण दिले जाई, आणि तेच उत्तर पुन्हा तपासावे लागे. कोणालाही सोप्या उत्तरामागे लपता येत नसे. रोजच्या वृत्तकक्षात असा विचार करावयास अवधी मिळत नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकत असतो आणि निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो. म्हणूनच तो विचार आधी कोठेतरी करून ठेवावा लागतो. ती जागा म्हणजे वर्ग.

येथे आजच्या विषयाचा गाभा सापडतो. वृत्तकक्षात सत्याविषयी आदर असतो, पण सवड नसते. विद्यापीठात सवड असते, पण रोजच्या व्यवहाराची धग पुष्कळदा नसते. वृत्तकक्षातून वर्गात जाणारा माणूस आपल्याबरोबर ती धग नेतो आणि त्या मोबदल्यात सवड मिळवितो. हा सौदा प्रामाणिकपणे झाला, तर त्यात दोन्ही क्षेत्रांचे हित आहे.

अमेरिकेतील ही गोष्ट महाराष्ट्राला लागू पडते काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर विदर्भाच्याच मातीतून देता येते. अरुण साधू यांचा जन्म १९४१ साली अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा. ते दूरचित्रवाणीचे नव्हे, मुद्रित पत्रकारितेचे. ‘केसरी’, ‘माणूस’, ‘इंडियन एक्स्प्रेस’, ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘स्टेट्समन’ अशा मराठी-इंग्रजी पत्रांतून त्यांनी बातमीदारी केली आणि ‘फ्री प्रेस जर्नल’चे संपादकपद भूषविले. मंत्रालयाचे राजकारण जवळून पाहिलेल्या या पत्रकाराने ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांवर आधारित जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ हा चित्रपट १९७९ साली आला. निळू फुले यांनी त्यात साकारलेला दिगू टिपणीस हा पत्रकार अनेकांच्या स्मरणात असेल. दिगूला सारे ठाऊक आहे. कोण कोणाला पाडणार, कोण विकला गेला, कोण कोणाचा हस्तक, हे सगळे त्याला कळते. पण त्या कळण्याचे करायचे काय, हे त्याला उमगत नाही. अखेरीस त्याचा तोल ढळतो.

दिगू टिपणीस निर्माण करणाऱ्या लेखकाने स्वतः मात्र वेगळी वाट धरली. १९९५ ते २००१ अशी सहा वर्षे अरुण साधू पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या आणि संज्ञापन विभागाचे प्रमुख होते. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी ही वास्तू. आगरकर जेथे प्राचार्य होते ते महाविद्यालय त्याच रस्त्यावर. पत्रकाराला जे कळते, ते त्याच्या मनात साचून राहिले तर त्याचे विष होऊ शकते. तेच तरुणांच्या हाती सोपविले तर त्याची शिदोरी होते. साधूंच्या कादंबरीतील पत्रकार आणि साधूंचे स्वतःचे आयुष्य शेजारी-शेजारी ठेवले असता हा फरक स्पष्ट दिसतो.

त्यांच्या अध्यापनाचा काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वीस वर्षे मराठी घरांत दूरचित्रवाणीची बातमी म्हणजे दूरदर्शनचीच बातमी असे समीकरण राहिले. खासगी उपग्रह वाहिन्या १९९० नंतर आल्या. ‘स्टार न्यूज’ १९९८ साली, चोवीस तासांची ‘आज तक’ २००० सालाच्या अखेरीस. मराठीत तर ‘झी चोवीस तास’ आणि आज ‘एबीपी माझा’ म्हणून ओळखली जाणारी ‘स्टार माझा’ या वाहिन्या २००७ साली आणि ‘आयबीएन लोकमत’ २००८ साली अवतरली. म्हणजे साधू ज्या वर्षांत शिकवीत होते, त्या वर्षांतील विद्यार्थ्यांपुढे असे एक क्षेत्र वाढून ठेवले होते, ज्याची मराठी दारे अजून उघडलीही नव्हती. यंत्रे बदलणार होती, कामाचा वेग बदलणार होता. बदलणार नव्हती ती एकच गोष्ट : ‘हे कशावरून?’ असे स्वतःला विचारण्याची सवय. न उघडलेल्या कचेरीसाठी माणसे तयार करणे, हे शिक्षकाचे काम होय. २००७ साली नागपूर येथे भरलेल्या ऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद साधूंना लाभले. २०१७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार देहदान करण्यात आले.

विदर्भाचा आणखी एक मान येथे नोंदविला पाहिजे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि भंडारा जिल्हाही त्याच राज्यात होता. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सली यांनी वर्षभर नागपुरात राहून त्या विभागाच्या उभारणीस हातभार लावला. येथून दीड-दोन तासांच्या वाटेवर देशातील पत्रकारिता-शिक्षणाचे एक जुने पीठ आहे, हे लाखनीच्या तरुणांना ठाऊक असावे.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, अन्यथा हे विवेचन एकांगी ठरेल. पत्रकार चांगला म्हणून शिक्षक चांगला, असे होत नाही. अनुभव सांगणे आणि अनुभवातून नियम काढून दाखविणे यांत अंतर आहे. बातमीदाराचे काम संध्याकाळी संपते आणि त्याचे फळ त्याच रात्री दिसते. शिक्षकाच्या कामाचे फळ दहा वर्षांनी दिसते, कित्येकदा दिसतही नाही. उत्तरपत्रिका तपासणे, हजेरी, अभ्यासक्रमाच्या बैठका, एकच वाक्य विद्यार्थ्याकडून चार वेळा लिहवून घेणे, यांत टाळ्या नाहीत. शिवाय नियमांची अडचण आहे. विद्यापीठात कायम नेमणुकीसाठी नेट वा पीएच.डी. यांसारखी अर्हता लागते. वीस वर्षे बातमीत घालविलेल्या माणसाकडे ती बहुधा नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद करून किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांना दार उघडले. परंतु मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच अशा नेमणुका करता येतात आणि एकूण मुदत साधारणतः तीन, अपवादात्मक स्थितीत चार वर्षांची. दार उघडले आहे. पण ते पाहुण्याचे आहे, घरच्याचे नव्हे.

याहून कठीण आक्षेप असा : चांगली माणसेच वृत्तकक्ष सोडू लागली, तर तेथे उरेल कोण? हा पळ नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला सरसकट उत्तर नाही. फ्रेंडली गेल्यानंतर सीबीएसचे धोरण एका रात्रीत पालटले नाही. त्यांची उणीव तेथे भासलीच असणार. तरी दोन कसोट्या लावता येतात. सोडणाऱ्याने सोडण्यापूर्वी आतून झगडून पाहिले होते का, ही पहिली. आणि सोडल्यावर त्याने विद्यार्थ्यांना त्या क्षेत्राचा तिटकारा शिकविला की त्या क्षेत्रात परत जाण्याचे बळ दिले, ही दुसरी. जो प्राध्यापक वर्गात बसून केवळ वाहिन्यांना दूषणे देतो, त्याने वृत्तकक्ष सोडला एवढेच म्हणता येईल. ज्याचे विद्यार्थी त्याच वृत्तकक्षात जाऊन ‘हे कशावरून?’ असे विचारतात, तो तेथून गेलेलाच नसतो. आगरकर, फ्रेंडली आणि साधू यांच्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे सोडलेल्या खुर्चीचा अर्थ उलगडतो.

लाखनीतील पालकांसाठी यातून निघणारे सांगणे साधे आहे. मुलगा वा मुलगी पत्रकारितेकडे वळत असेल, तर महाविद्यालयाच्या इमारतीचा आणि स्टुडिओचा थाट पाहण्याआधी एवढेच पाहावे : तेथे शिकविणाऱ्यांपैकी कोणी कधी बातमीसाठी उन्हातान्हात उभे राहिले आहे का, आणि आपली चुकलेली बातमी तो वर्गात मोकळेपणाने सांगतो का? जो आपली चूक सांगू शकतो, त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ असते. ज्यांची मुले या क्षेत्रात जाणार नाहीत, त्यांनाही काम आहे. संध्याकाळी बातम्या पाहताना घरातील लहानाने ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर त्याला गप्प करू नये. दोन निरनिराळी वर्तमानपत्रे समोर ठेवून त्याच्याबरोबर शोध घ्यावा. ज्या घरात हा प्रश्न विचारता येतो, तेथे पत्रकारितेचा पहिला वर्ग भरलेला असतो.

पडद्यावरचा चेहरा एका पिढीच्या स्मरणात राहतो. वर्गात रुजविलेला प्रश्न विद्यार्थ्याकडून त्याच्या विद्यार्थ्याकडे जातो. विचारणाऱ्याचे नाव मागे पडते, प्रश्न पुढे चालतो. तेव्हा यापुढे कोणी म्हणाले की, ‘एवढा मोठा माणूस, शेवटी मास्तर झाला,’ तर त्यातील ‘शेवटी’ हा शब्द तेवढा काढून टाकावा. उरलेले वाक्य खरे आहे आणि ते अभिमानाने म्हणण्यासारखे आहे.